बालीला जाण्याआधी कोणत्या लसी घ्यायच्या? एका यादीमागचा छेद शोधताना

मागच्या वर्षी आत्याचा फोन आला. "अरे, आम्ही पाचजण बालीला चाललोय. तू साथरोगांवरच पीएचडी करतोयस ना? मग सांग, इंजेक्शनं कोणती घ्यायची?"

मी तेव्हा थिसिसच्या एका प्रकरणात अडकलो होतो. पाच मिनिटांत एका युरोपीय देशाच्या प्रवासी सल्ल्याची यादी शोधली, व्हॉट्सॲपवर टाकली आणि मोकळा झालो. यादीचे दोन भाग होते. 'बहुतेक प्रवाशांसाठी' या मथळ्याखाली हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वात. 'काही प्रवाशांनी विचार करावा' याखाली रेबीज, जपानी मेंदूज्वर वगैरे. आत्याने पहिला भाग सगळ्या कुटुंबाला टोचून घेतला, दुसरा सोडून दिला. कुणीही तेच केलं असतं.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी उबुदला एका माकडाने आतेबहिणीच्या हातातली पिशवी ओढली आणि मनगटाला चावलं. रक्त आलं. जवळच्या दवाखान्यात रेबीजची लस होती, पण जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. दुसरीकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दीड तास गाडीने गेल्यावर ते मिळालं. ती आज ठणठणीत आहे. पण त्या रात्री आत्या फोनवर ओरडली नाही, फक्त विचारलं, "तू पाठवलेल्या यादीत हे होतं का रे?"

होतं. दुसऱ्या मथळ्याखाली.

मी चुकीची यादी पाठवली नव्हती. मी दुसऱ्या कुणासाठी तरी तयार केलेली यादी, न वाचता, आत्याला दिली होती. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर ही चूक ओळखायला आत्ताच शिका, कारण पुढे पेपर वाचतानाही हीच चूक होते. आज याच एका यादीच्या निमित्ताने ती उलगडून बघू.

यादी कुणासाठी लिहिली होती?

पहिली लस घेऊ: हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ. प्रवासी वैद्यकात या लशीचा आग्रह का आला, ते बघण्यासारखं आहे. झुरिक विद्यापीठातले रॉबर्ट स्टेफन आणि त्यांचे सहकारी यांनी प्रवाशांच्या आजारांची मोजणी करायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात त्यांचा एक आकडा सगळीकडे सांगितला जायचा: लस न घेतलेला प्रवासी विकसनशील देशात महिनाभर राहिला, तर हजारात सुमारे ३ जणांना ही कावीळ होते. पुढे त्याच गटाने १९८८ ते २००४ या काळातल्या स्विस नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये नवा अंदाज मांडला. प्रतिकारशक्ती नसलेल्या प्रवाशांमध्ये महिन्याला लाखात ६ ते २८.

हजारात ३ म्हणजे लाखात ३००. नवा अंदाज त्याहून दहा ते पन्नास पट कमी! तरीही जुना आकडा पुढे कितीतरी वर्षं माहितीपत्रकांत फिरत राहिला. आकड्यालाही तारीख असते, हा इथला पहिला धडा.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. हे आकडे स्विस प्रवाशांचे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या तरुणाला लहानपणी हा विषाणू भेटलेलाच नसतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उलटं होतं. ही कावीळ बालपणीच, बहुतेक वेळा काही कळायच्या आत होऊन जायची आणि पुढे जन्मभर संरक्षण द्यायची. त्या यादीच्या दृष्टीने भारत हाच मुळी 'धोक्याचा देश' आहे. तिथून इकडे येणाऱ्यांनाही हीच लस सुचवली जाते.

मग आपल्याला ही लस नकोच का? इतकं सोपं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ आणि १९९८ मधल्या रक्तनमुन्यांची तुलना केली. पुणे शहरातल्या सधन घरांतल्या मुलांमध्ये हिपॅटायटिस ए होऊन गेल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडं, आधीपेक्षा कमी सापडली. पाणी सुधारलं, घरं सुधारली, संसर्ग पुढे ढकलला गेला. आणि हा आजार मोठेपणी झाला तर लहानपणापेक्षा जास्त त्रास देतो.

आता आत्याच्या घरात या. आत्या साठीची, विहिरीचं पाणी पीत गावात वाढलेली. तिला बहुधा ही लस लागतच नव्हती. तिची मुलगी सव्वीस वर्षांची, फ्लॅटमध्ये, प्युरिफायरच्या पाण्यावर वाढलेली. तिला लागत असेल. एकच घर, एकच विमान, एकच हॉटेल आणि धोका वेगवेगळा. शंका असेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासता येतात. म्हणजे 'बालीसाठी लस' असं काही नसतं. ठरावीक माणूस ठरावीक ठिकाणी जातो, तेव्हा त्या जोडीचा धोका असतो.

भागिले किती?

परदेशातून आजारी होऊन आलेल्यांची माहिती गोळा करणारं जिओसेंटिनेल नावाचं मोठं जाळं १९९५ पासून काम करतंय. २००६ मध्ये त्यांचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा खंडांतल्या ३० केंद्रांवर आलेले १७,३५३ आजारी प्रवासी. कुठल्या भागातून आलेल्याला काय झालं होतं, याचं चित्र त्यातून उभं राहिलं. उदाहरणार्थ, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून ताप घेऊन येणाऱ्यांत मलेरिया पुढे होता, तर आग्नेय आशियातून येणाऱ्यांत डेंग्यू मलेरियापेक्षा जास्त वेळा सापडला.

आता थांबून विचार करा. या अभ्यासावरून 'आग्नेय आशियात गेलेल्या हजार माणसांपैकी किती जणांना डेंग्यू होतो' हे सांगता येईल का?

नाही. कारण छेदात आजारी पडून त्या केंद्रांवर आलेली माणसं आहेत, गेलेली सगळी माणसं नाहीत. जे आजारी पडले नाहीत, जे दोन दिवसांत तिथेच बरे झाले, जे आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले, ते कुणीच यात नाहीत. अभ्यास चांगलाच आहे. 'बालीहून ताप घेऊन आलेल्या माणसात आधी काय तपासू?' या डॉक्टरच्या प्रश्नाला तो उत्तर देतो. 'मी बालीला गेलो तर काय होईल?' हा प्रवाशाचा प्रश्न वेगळा आहे, त्याचा छेद वेगळा आहे.

जपानी मेंदूज्वरात हाच गोंधळ दुसऱ्या बाजूने होतो. बालीतल्या मुलांमध्ये हा आजार खराच आहे. इंडोनेशियाने २०१८ मध्ये तिथल्या मुलांसाठी लसीकरणाची मोहीम काढली. पण जिथे हा आजार नाही अशा देशांतून आशियात येणाऱ्या प्रवाशांमधला अंदाज आहे दहा लाखांत एकाहूनही कमी. एकाच बेटावर इतका फरक का? हा विषाणू डुकरं, पाणपक्षी आणि भातखाचरांतले डास यांच्यात फिरतो, आणि ते डास संध्याकाळनंतर चावतात. तिथलं मूल वर्षानुवर्षं खाचराशेजारी झोपतं. पर्यटक सात दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात असतो. मात्र उद्या तुम्हीच फील्डवर्कसाठी सहा महिने तिथल्या भातशेतीच्या गावात राहणार असाल, तर 'पर्यटक' या छेदातून तुम्ही बाहेर पडलात. तेव्हा या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

सरासरीच्या आड कोण लपलंय?

डेंग्यूच्या लशीची गोष्ट संशोधनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी, आणि ती दुसऱ्या एका उष्णकटिबंधीय बेटांच्या देशात, फिलिपाइन्समध्ये घडली.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यावर त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, पण दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त गंभीर होतो. सानोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही लस चाचण्यांमध्ये एकूण सरासरी पाहता उपयोगी ठरली होती. २०१६ मध्ये फिलिपाइन्सने शाळांमधून ती द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने नव्या विश्लेषणाचे निष्कर्ष जाहीर केले. ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेला होता, त्यांना लशीचा फायदा होता. ज्यांना आधी कधीच झाला नव्हता, त्यांच्यात पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढत होता. शरीराच्या दृष्टीने जणू लस हाच पहिला संसर्ग ठरत होता, आणि खरा पहिला डेंग्यू दुसऱ्यासारखा वागत होता. देशात हलकल्लोळ झाला, कार्यक्रम थांबवला गेला, आणि पालकांचा इतर लशींवरचाही विश्वास डळमळला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, ही लस द्यायची तर आधी रक्त तपासून मगच.

सरासरी खोटी नव्हती. पण सरासरीच्या आत दोन गट होते आणि दोघांची दिशा उलटी होती.

याचा आत्याच्या सहलीशी काय संबंध? थेट आहे. युरोपीय प्रवाशाला बहुधा डेंग्यू कधीच झालेला नसतो. आपल्याकडे आयसीएमआरने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ५ ते ४५ वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. जवळजवळ निम्मे! त्यातल्या अनेकांना आपल्याला डेंग्यू झाला होता हेही माहीत नसतं. म्हणजे बालीत डास चावला तर तो त्यांचा दुसरा संसर्ग असू शकतो. युरोपीय माहितीपत्रकात 'प्रवाशांमध्ये गंभीर डेंग्यू क्वचित' असं वाचून आपण निर्धास्त होऊ नये, ते याचसाठी.

मग करायचं काय? एडिस डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारं क्रीम सकाळपासून लावायचं, रात्री मच्छरदाणीत शिरताना नव्हे. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर 'आम्ही बालीला जाऊन आलो' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.

शक्यता कमी, पण परतीचा रस्ता नाही

आता ज्या लशीने आम्हाला झोपू दिलं नाही तिच्याकडे.

२००८ पर्यंत बालीत रेबीज नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस बेटाच्या दक्षिण टोकाकडे पहिले रुग्ण सापडले. बाहेरच्या बेटावरून बोटीतून आलेल्या एखाद्या कुत्र्याबरोबर तो आला असावा, असं मानलं जातं. पुढच्या काही वर्षांत शंभराहून जास्त माणसं दगावली. सुरुवातीला कुत्रे मारण्यावर भर होता, त्याने साथ थांबली नाही. २०१० च्या अखेरीपासून बेटभर कुत्र्यांचं लसीकरण झालं तेव्हा आकडे खाली आले. पण रेबीज संपलेला नाही.

'पर्यटकाला रेबीज होण्याची शक्यता नगण्य आहे' हे वाक्य खरं आहे. पण हिशेब शक्यतेवर संपत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे. आणि चावण्याची शक्यता तितकी नगण्य नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांवरून अंदाज निघाला की प्रवासात महिन्याला हजारात साधारण ४ जणांना प्राणी चावतो किंवा ओरबाडतो. बालीत तर माकडं बघायला जाणं हाच सहलीचा भाग. माकडांमध्ये रेबीज कुत्र्यांइतका आढळत नाही, पण चावणाऱ्या माकडाची तपासणी करता येत नाही, म्हणून उपचार करावेच लागतात.

उपचाराचं गणित असं आहे. आधी लस न घेतलेल्या माणसाला रक्त येईल असा चावा बसला तर दोन गोष्टी लागतात: लशीचे चार-पाच डोस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस बहुतेक ठिकाणी मिळते, इम्युनोग्लोब्युलिनचा तुटवडा जगभर असतो. (ते पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येतं, म्हणून आमचा दुसरा दिवस चालला.) पण सहलीआधीच लस घेतली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागतच नाही. चावल्यावर फक्त लशीचे दोन डोस, तीन दिवसांच्या अंतराने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या भूमिकेनुसार सहलीआधीचा कोर्सही आता दोनच भेटींचा आहे, एक आठवड्याच्या अंतराने. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आपल्या आईवडिलांच्या काळातली, ती विसरा.

म्हणजे ही लस रेबीजच्या शक्यतेपेक्षा, परक्या बेटावर रात्री इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरण्याची शक्यता टाळते. यादीतल्या 'काही प्रवाशांनी विचार करावा' या चार शब्दांत हे मावलेलं नाही. विचार करायचा तर काय काय तोलायचं, हे कुणी सांगत नाही.

आणि लस घेतली असो वा नसो, चावल्यावर पहिलं काम एकच: वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही.

यादीत नसलेली गोष्ट

परदेशी प्रवाशांचे जीव कशाने जातात? १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९७५ आणि १९८४ या वर्षांत परदेशात मरण पावलेल्या अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या होत्या. जवळपास निम्मे मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी, सुमारे पाव अपघात आणि दुखापतींनी. न्यूमोनिया सोडून इतर संसर्गांचा वाटा शेकडा एकच्या आसपास.

इथे दोन घाईचे निष्कर्ष टाळा. 'मग लशी निरुपयोगी' असं यातून निघत नाही. लशी आणि काळजी घेतल्यामुळेही तो वाटा लहान राहिला असेल. 'प्रवासाने हृदयविकार होतो' हेही निघत नाही. म्हातारी माणसं घरी असती तरी त्यांना तो झाला असता. अपघातांचं मात्र तसं नाही, त्यातले पुष्कळ टाळता येण्यासारखे असतात. बालीत स्कूटर भाड्याने सहज मिळते, हेल्मेटशिवाय फोटो छान येतात, आणि योग्य परवाना नसेल तर बहुतेक प्रवास विमा अपघाताचा खर्च नाकारतो. मी आत्याला लशींची यादी पाठवली, हेल्मेटबद्दल एक शब्दही लिहिला नाही.

आता विचारलं असतं तर

आज आत्याचा फोन आला तर मी आधी प्रश्न विचारीन: कोण कोण जातंय, वयं काय, कुणाला मधुमेह-रक्तदाब, कुणी गरोदर आहे का, किती दिवस, कुठल्या बेटांवर. मग डॉक्टरांकडे सहा आठवडे आधी जायला सांगीन आणि हे मुद्दे लिहून देईन:

- नेहमीच्या लशी पूर्ण आहेत का? धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी घेतला?
- हिपॅटायटिस ए: तरुण मंडळींना लस, किंवा आधी रक्ततपासणी. ज्येष्ठांना बहुधा गरज नाही.
- टायफॉइड: ही लस सहलीपुरती समजू नका, हा आजार आपल्याकडेही आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस द्यायची मोहीम काढली, ती परदेशी जाणाऱ्यांसाठी नव्हती.
- रेबीज: माकडं, कुत्री, लहान मुलं सोबत असतील तर आधीच घेण्याबद्दल विचारा.
- मलेरिया: बालीच्या पर्यटन भागात सहसा गोळ्या लागत नाहीत. पण तिथून फ्लोरेस किंवा सुंबाकडे जाणार असाल तर चित्र बदलतं.
- ओआरएसची पाकिटं, डासांचं क्रीम, रोजची औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.
- हेल्मेट, परवाना, विमा. समुद्रात लाल झेंडा असेल तर काठावरच.

हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते कळावं म्हणून आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

कुठलीही शिफारस हातात आली की चार प्रश्न विचारायची सवय लावा. हा आकडा कुणाचा आहे? किती जणांपैकी? सरासरीच्या आत उलट दिशेला जाणारा गट आहे का? आणि शक्यता कमी असली तरी परिणाम काय, तो परतवता येतो का?

सरावासाठी एखादा परका देश नको, अंदमान घ्या. तिथे लेप्टोस्पायरोसिस हा जुना प्रश्न आहे, आणि त्यावर काम करणारं आयसीएमआरचं केंद्र पोर्ट ब्लेअरलाच, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला आहे. तिथले पेपर शोधा. त्यातला प्रत्येक आकडा शेतात राबणाऱ्या माणसाचा आहे की बीचवर आठवडाभर येणाऱ्या पर्यटकाचा, ते पेन्सिलीने समासात लिहा. पाच पेपर असे वाचलेत की सहावा वाचताना तुमचा हात आपोआप 'छेद कुठे?' लिहायला जाईल.

आतेबहीण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुठल्याशा बेटावर चाललीये. या वेळी तिने मला यादी मागितली नाही. "तू आधी मला प्रश्न विचार," म्हणाली.